शाईवाल्याची लिंक

३ मार्च, मंगळवार
मी लिहितेय त्या या वहीतला सातवा फर्मा, म्हणजे दुमडलेल्या पानांचा जुडगा, उलटा शिवला गेलाय, म्हणून ती विकता येत नाही. बाबांच्या हातून असं पूर्वी कधी होत नसे. त्यांना दाखवली नाही, गुपचूप माझ्या टेबलाच्या खणात टाकली.

कॉलेजच्या ग्रंथपाल बाई आज स्वतः आल्या. यापुढे जुनी पुस्तकं बांधून घ्यायची नाहीत, सगळी स्कॅन करायची असं वरून ठरलंय म्हणे. सांगताना त्यांनाच कानकोंडं झालं. बाबा म्हणाले, "बसा, चहा तरी घ्या." त्या गेल्यावर बाबांनी खळीचं भांडं दोनदा धुतलं. पहिल्या धुण्यातच स्वच्छ निघालं होतं.

आता राहिलं ते वह्यांचं ऑनलाइन दुकान. गेल्या महिन्यात अकरा ऑर्डरी आल्या. मी मनाशी ठरवलंय. जे लोक वह्या-पेनांवर लिहितात त्यांना आपली लिंक द्यायची, त्यांच्यामुळे वही खपली तर त्यांना दहा टक्के. हे सगळं कसं जोडतात ते शिकायला हवं. चव्वेचाळिसाव्या वर्षी.

५ मार्च
बाबांना समजावलं. कोणाच्या पानावरून गिऱ्हाईक आपल्या दुकानात आलं की त्याच्या ब्राउझरमध्ये एक बारीक नोंद ठेवायची. तिला कुकी म्हणतात. तीस दिवसांत त्याने वही घेतली तर त्या नोंदीवरून कळतं, याला कोणी पाठवलं.

"म्हणजे चिठ्ठी," बाबा म्हणाले. "पूर्वी मास्तर पोरांना चिठ्ठी देऊन पाठवायचे आपल्याकडे. फक्त तू ती पोराच्या खिशात गुपचूप टाकणार."

"गुपचूप नाही. आधी पाटी दाखवून विचारायचं, चालेल का म्हणून."

"आणि नको म्हणाला तर?"

"तर कोणी पाठवलं ते कळणार नाही."

"मग बिचाऱ्या मास्तरांचे दहा टक्के बुडाले की," म्हणाले आणि पुन्हा पुठ्ठा मापायला लागले. माणसाला सत्याहत्तराव्या वर्षी पाच मिनिटांत कळलं. मला दोन दिवस लागले होते.

१४ मार्च, शनिवार
चार जणांनी नाव नोंदवलं. एक चित्रकलेच्या बाई, दोन कॉलेजातल्या मुली आणि एक 'शाईवाला'. अर्जात नाव तेवढंच. शाई, निबा, कागद यांवर लिहितो. बँकेचा रकाना कोरा सोडलाय, पुढे लिहिलंय, 'साठू द्या, मग बघू.' कमिशन न मागणारा माणूस दिसला की मला आधी संशय येतो. तरी घेतला. चार म्हणजे चार.

१९ मार्च
शाईवाल्याची मेल: 'माझ्या ओळखीच्या दोघांनी माझ्या लिंकवरून तुमच्या वह्या घेतल्या, पण माझ्या नावावर शून्यच दिसतंय. पैशांसाठी नाही सांगत. तुमच्या जोडणीत चूक आहे. बाकीचे लोक कंटाळून सोडून जातील.'

राग आला. कृपया नियम वाचावेत, असं एका ओळीचं उत्तर पाठवलं.

२१ मार्च
त्याचं म्हणणं खरं निघालं. न चिडता त्याने सविस्तर लिहिलंय. आमचं दुकान एका पत्त्यावर आणि पैसे भरायचं पान थोड्या वेगळ्या पत्त्यावर आहे. पहिल्याने ठेवलेली कुकी दुसऱ्याला वाचताच येत नाही. ती दोन्हींच्या मूळ नावावर ठेवायची. कुठे काय बदलायचं, मग ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून स्वतःच खोटी ऑर्डर कशी करून बघायची, सगळं एकेक करून. शेवटी लिहिलंय, 'घाई करू नका, आधी जुन्याची प्रत ठेवा.'

सकाळभर खपले. दोनदा दुकानच बंद पडलं. दुपारी शून्याचा एक झाला तेव्हा मी अशी ओरडले की बाबा हातातलं दाभण घेऊनच धावत आले.

आमच्याही घरात एक कॉम्प्युटरवाला होता, दादा. बाबांशी भांडून, वहिनीला घेऊन दुसऱ्या गावी नोकरीला गेला त्याला तेरा वर्षं झाली. निदान तेव्हा फोन तरी करायचा. आईच्या शेवटच्या आजारात जो आला नाही, त्याची आठवण आज कशाला काढायची? एक परका माणूस मात्र दोन तास खर्चून मला शिकवतो.

२ एप्रिल
बाबांना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून शाईवाल्याचा नवा लेख वाचून दाखवला. हाताने बांधलेली वही कशी ओळखायची, यावर आहे. त्यात एका बाइंडरचं वर्णन आहे. तो खळ लावण्याआधी बोटावर घेऊन हुंगतो, आणि वास पटला नाही तर अख्खं भांडं ओतून देतो.

बाबा म्हणाले, "पुन्हा वाच."

वाचलं. ते उठून खिडकीपाशी गेले. "बरा लिहितो," एवढंच म्हणाले. जेवले मात्र अर्धी पोळीच. विचारलं तर म्हणे भूक नाही.

१८ एप्रिल
महिन्यात चौतीस ऑर्डरी, त्यातल्या एकोणीस शाईवाल्याच्या!

त्याने विचारलंय, 'कारागिरांचे डोळे ठीक आहेत ना? तुमच्या जांभळ्या वहीची शिवण किंचित सरकलेली वाटली.' आमच्या मालाची खोड काढली म्हणून आधी टोचलं. मग वाटलं, एवढं बारीक बघणारं गिऱ्हाईक मिळायलाही भाग्य लागतं. उत्तर दिलं: वयोमानाप्रमाणे आहेत. लगेच उलट मेल: 'मोतीबिंदू असेल तर थांबू नका. आणि दिवा डाव्या हाताला ठेवायला सांगा.'

बाबांना सांगितलं. त्यांनी लगेच दिवा उजवीकडून डावीकडे घेतला. मी तीन वर्षं हेच सांगत होते, तेव्हा माझ्यावर खेकसायचे.

२७ एप्रिल
मी विचारलं होतं, तुम्ही इतकं केव्हा लिहिता? 'आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास मला एका खुर्चीत बसावं लागतं. उजवा हात मोकळा असतो. मग लिहितो.'

कसली नोकरी असेल? पहारेकऱ्याची बहुतेक. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "पहारेकऱ्याचे दोन्ही हात मोकळे असतात."

९ मे
नवीनच भानगड. सवलतीची कुपनं देणारी एक साइट आमच्या यादीत घुसली होती. गिऱ्हाईक शाईवाल्याचं वाचून यायचं, वही निवडायचं आणि पैसे भरण्याआधी कुपन शोधायला तिकडे डोकवायचं. तेवढ्यात त्यांची कुकी त्याच्या कुकीवर बसायची. सगळं श्रेय त्यांना. वीस ऑर्डरी अशा गेल्या. शाईवाल्यानेच दाखवून दिलं. मी त्या साइटला हाकललं आणि त्याची माफी मागितली. तो लिहितो, 'माझं सोडा. तुमचे दहा टक्के फुकट जात होते ते थांबले.'

२० मे
बाबांनी आठ दिवस खपून एक वही बांधली. चांगला जाड कागद, पाठीला कातडं, कोपरे दुमडून. म्हटलं, वेबसाइटवर किती किंमत लावू? म्हणाले, "विकायची नाही. शाईवाल्याला पाठव."

"सोबत चिठ्ठी काय लिहू?"

"काही नको. त्याला काही म्हणायचं असेल तर म्हणेल तो."

पत्ता मागितला तर त्याने पोस्टातल्या पेटीचा नंबर दिला. मजेशीर माणूस. रजिस्टर करून पाठवली.

२९ मे
बाबा रोज विचारतात, "आलं का काही त्याचं?" पोचपावती तर केव्हाच आली.

आज आली मेल. 'वही मिळाली. कारागिरांना सांगा, मी अजून तिच्यात लिहायचं धाडस केलेलं नाही.' वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच. का हो? पैसे पाठवायला हवे होते का त्याने?"

माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच चोरी केली.

६ जून, शनिवार
आज जरा जास्तच बोलून गेले. त्याने विचारलं होतं, 'हे सगळं तुम्ही एकट्याच करता? घरात मदतीला कोणी नाही?' सर्व्हर सकाळपासून बंद, बाबांचा खोकला, दोन पार्सलं परत आलेली. लिहून टाकलं, 'एक भाऊ होता. आई मरणाला टेकली तरी फिरकला नाही. आता तो आम्हाला नाही.'

पाठवल्यावर हलकं वाटलं. परक्या माणसाशी बोलायचा हाच फायदा.

१५ जून
नऊ दिवसांनी उत्तर आलं. माझ्या भावाबद्दल चकार शब्द नाही. बरंच झालं. नुसतं कामाचं लिहिलंय: काही फोनांवर आपली कुकी तीस दिवस टिकत नाही, सातच दिवसांत पुसली जाते, ती सर्व्हरवरून ठेवावी लागेल. त्याचं सगळं तपशीलवार लिहिलंय, मला एकटीला जमेल असं. शेवटी दोन ओळी आहेत: 'थकलात तर थकले म्हणत जा. आजारी माणसाकडे सगळे बघतात, त्याचं करणाऱ्याकडे कोणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.'

वाचून रडू आलं. आईचं दोन वर्षं मीच केलं हे त्याला कधी सांगितलं होतं मी? सांगितलं असेल.

२४ जून
त्या दोन ओळी मनातून जात नाहीत. म्हणून आज लिहूनच टाकते. ही वही कोणी वाचणार नाही.

आईच्या आजारात दादाचा फोन आला होता. तो म्हणाला, "मी उद्या निघतो." मी दोन वर्षं तिची पथ्यं, तिचं अंथरूण, तिचं अंग पुसणं, सगळं करत होते. पण पूर्वी ती आजारी पडली आणि तो जवळ आला की उठून बसायची. त्याच्या हातून दोन घास जास्त खायची आणि मला म्हणायची, बघ, असं भरवायचं असतं. त्या दिवशी सकाळी तिने मला त्याच्याच नावाने हाक मारली होती.

मी म्हटलं, "बाबा म्हणतात येऊ नकोस. तू दिसलास तर त्यांचा तोल जाईल. आईसमोर तमाशा नको."

बाबा असं काही म्हणाले नव्हते. त्यांना तर फोन आल्याचंच माहीत नव्हतं.

वाटलं होतं, आठवड्याने बोलावीन. चौथ्या दिवशी आई गेली. सगळं उरकल्यावर फोन केला. तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला. त्यानंतर पुन्हा फोन नाही, सहा वर्षं झाली. बाबा इतकंच म्हणत आले की पोरगा आईला खांदा द्यायलाही आला नाही, आणि मी प्रत्येक वेळी मान हलवली.

बाबांना सांगायला हवं. कसं सांगू?

११ जुलै
सर्व्हरची कुकी चालू झाली. गेल्या महिन्यात एकशे बारा ऑर्डरी. बांधायला हाताखाली एक बाई ठेवावी लागणार. शाईवाल्याच्या पानावर मात्र तीन आठवडे नवीन काही नाही. दोन मेल टाकल्या. बाबा सकाळी आणि संध्याकाळी विचारतात. आज म्हणाले, "तुझ्याकडे त्याचा फोन नंबर नाही?"

"मेलवरच बोलतो आम्ही."

"माग ना मग!" एकदम ओरडले. मग म्हणाले, "ऑर्डरी कमी होतील, म्हणून म्हणतो."

नंबर मागितला. उत्तर नाही. आईच्या वेळच्या त्या फोनचं बाबांना अजून सांगितलेलं नाही.

२ ऑगस्ट, रविवार
दुकानाच्या मेलवर आज हे आलं.

'शाईवाला या नावाने लिहिणारे माझे पती एकवीस जुलैला गेले. त्यांच्या पानावर तुमच्या दुकानाच्या लिंका आहेत. त्या काढून टाकू की तशाच राहू देऊ, ते कळवावं.'

खाली वहिनीचं नाव. पुढे आमचं आडनाव.

किती वेळ बसले होते कोण जाणे. मग खाली गेले. बाबा फर्मे दुमडत होते.

"बाबा, शाईवाल्याच्या घरून पत्र आलंय."

त्यांचे हात थांबले. "सूनबाईचं?"

त्यांनी हातातला कागद नीट रचून बाजूला ठेवला.

"कधी गेला?"

मी अजून काही सांगितलंच नव्हतं. "तुम्हाला माहीत होतं?"

"खळ हुंगायला मी त्यालाच शिकवलं होतं. दहा वर्षांचा होता."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तो बोलेल म्हणून थांबलो. एवढी वही बांधून पाठवली. अजून काय करायचं असतं बापाने?"

मग स्टुलावरून खाली बसले, एकदम जमिनीवर. मी धरायला गेले तर माझा हात बाजूला केला.

९ ऑगस्ट
बाबांना घेऊन जाऊन आले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दारात चपलांचा एकच जोड. वहिनी फार वाळलीय. तिने पाणी दिलं, बाबांच्या पाया पडली आणि रडली नाही. रडून झालं असणार.

चार वर्षांपूर्वी दादाच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या यंत्रावर. डॉक्टरांनी विचारलं होतं, किडनी द्यायला घरचं कोणी आहे का. "म्हणाले, विचारण्यासारखं कोणी नाही," वहिनी म्हणाली. तिने ते माझ्याकडे बघून म्हटलं नाही, खिडकीकडे बघून म्हटलं.

"तुमचं दुकान त्यांना असंच शोधताना सापडलं. काय आनंद झाला होता! तुम्हाला उत्तर द्यायचं तर आधी कच्चं लिहायचे, मग निम्मं खोडायचे, मग पाठवायचे."

मला विचारायचंच होतं. "मी भावाबद्दल लिहिलं होतं, ते वाचलं त्याने?"

"मला वाचून दाखवलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, तिचं बरोबर आहे. मग दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. आणि मग माझा फोन मागून घेतला, तुमची ती कुकी किती दिवस टिकते बघायला."

बाबा बसले नव्हते, दारातच उभे होते. वहिनी त्यांना बघून उठली आणि म्हणाली, "मी किती वेळा म्हटलं, बाबांना सरळ फोन करा. म्हणायचे, आई जाताना बाबांनी येऊ नको म्हटलंय. त्यांनी बोलावल्याशिवाय मी कोणत्या तोंडाने जाऊ?"

बाबांनी आधी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

परत येताना बसमध्ये, दोन थांबे गेल्यावर म्हणाले, "मी कधी नको म्हटलं होतं?"

मी सांगितलं. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून बघत होती, तरी सगळं सांगितलं. फोन, माझे शब्द, आईने मारलेली हाक. काही गाळलं नाही.

बाबांनी ऐकून घेतलं. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "म्हणजे तो रुसून नव्हता बसला. माझ्या बोलावण्याची वाट बघत होता."

१३ ऑगस्ट
बाबा माझ्याशी बोलत नाहीत. जेवायला वाढलं की जेवतात. ताट स्वतः उचलून ठेवतात.

वहिनीला कळवलं, लिंका राहू देत. आज त्याच्या पानावरून तीन ऑर्डरी आल्या. कोणीतरी लांबच्या गावी बसून त्याचं वाचलं असेल. पाकिटांवर पत्ते मी लिहिले. कमिशनचा तक्ता उघडला आणि मिटवून टाकला. उद्या करते.

१७ ऑगस्ट, सोमवार
सकाळी बाबांनी माझ्या टेबलावरून वहिनीचा नंबर उतरवून घेतला आणि भिंतीवरच्या फोनवरून स्वतः लावला. मी दाराशी उभी होते.

"मी बोलतोय. रविवारी ये. इथेच राहा दोन-चार दिवस. जिना उभा आहे, सावकाश चढ." मग थोडा वेळ नुसतं ऐकत होते. तिकडून ती काय म्हणाली ते मला कळलं नाही. बाबा म्हणाले, "नाही गं. तुझी काय चूक त्यात?"

फोन ठेवला. मी म्हटलं, "बाबा."

ते माझ्या शेजारून खाली गेले. थोड्या वेळाने पुठ्ठे कापायचा आवाज सुरू झाला. मी पुन्हा एकदा हाक मारली, जरा मोठ्याने. आवाज थांबला. बाबा ऐकत होते हे मला कळलं. मग पुन्हा सुरू झाला.